गाडी वाजते म्हणजे नक्की काय होतं?

इंदूरच्या भंवरकुआं चौकात संध्याकाळी सातला उभं राहून पाहावं. कोचिंग क्लासेस सुटलेले असतात, खंडवा रोडवरून बसगाड्या येत असतात, आणि प्रत्येक रिक्षावाल्याला हॉर्न आत्ताच वाजवायचा असतो. एवढ्या कल्लोळातही मामांची जीप गल्लीत वळली की मामी स्वयंपाकघरातूनच सांगते, "आले!" तिला कळतं ते इंजिनामुळे नव्हे, जीपच्या कापडी हुडामुळे.

तो हूड वाजतो. आणि मामांचं त्यावरचं उत्तर ठरलेलं. "अरे, जुनी गाडी आहे, वाजणारच."

या वाक्याशी माझं भांडण आहे. मराठीत आवाजांना किती शब्द! करकर निराळी, कुरकुर निराळी. खडखड म्हटलं की धातू डोळ्यांसमोर येतो, फडफड म्हटलं की कापड. आणि एवढी श्रीमंती असूनही आपण गॅरेजमध्ये जाऊन सांगतो काय, तर "गाडी वाजते". डॉक्टरकडे जाऊन "दुखतं" एवढंच सांगून गप्प बसावं, तसं.

गेल्या डिसेंबरात मी तिकडे असताना मामांनी असंच सांगितलं. चौकाजवळच्या एका मेकॅनिकने दहा मिनिटांत इलाज केला. काचेच्या चौकटीवर जिथे हूड बसतो त्या फटीत जुन्या चिंध्या कोंबल्या. "लो भिया, अब नहीं बजेगी." खरंच वाजेना. मामा खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी आम्ही चोरलकडे निघालो. सिमरोल मागे पडलं, भेरूघाट सुरू झाला आणि एका उतारावर समोरून आलेल्या ट्रकचा झोत लागला मात्र, हुडाची डावी बाजू आकड्यातून सुटून फाडकन वर उडाली. मामांच्या हातातलं स्टिअरिंग हललं. मागचा ट्रक हॉर्न देत थांबला, अगदी हातभर अंतरावर. मामी मागे बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून बसली. ते मला अजून दिसतं.

झालं होतं ते साधं होतं. चिंध्यांमुळे हूड चौकटीवर पुरता टेकेना, म्हणून आकडा अर्धाच अडकला होता. वेग वाढला की हुडावरून धावणाऱ्या हवेचा दाब आतल्या हवेपेक्षा कमी होतो आणि कापड वर फुगतं. तो ताण अर्ध्या आकड्याने किती सोसावा? आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो. मेकॅनिकला एकट्याला कशाला बोल लावू.

परत आल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. रिक्षांचे हूड आणि सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कौन सी आवाज़?" मामांना सांगता येईना. मग ते स्वतःच शेजारी बसले आणि म्हणाले, चलो. तेजाजीनगरपर्यंत एक फेरी झाली. हात हुडाच्या कमानीवर, मान जराशी कललेली. तंबोऱ्याची जवारी लावणारा माणूस असाच दिसतो. तिथे घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून हवा तो झणकार आणायचा असतो, इथे नको तो घालवायचा. कान तोच. (आमच्या गोव्यात देवळातल्या भजनाला बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

करकर निघाली रबराची. चौकटीवरचं रबर धुळीने कोरडं पडून काचेवर घासत होतं. साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि सैल होतं. खडखड होती कमानीच्या सांध्यातली. रिबीट झिजले होते, ते बदलून नायलॉनचे वॉशर घातले. शिट्टी शोधायला सर्वांत वेळ लागला. त्यांनी फटींवर कागदी चिकटपट्ट्या लावल्या आणि एकेक काढत गाडी पळवायला लावली. ज्या पट्टीनंतर शिट्टी परत आली, ती फट. तिथेच आतल्या बाजूला धुळीची बारीक रेघ उमटली होती, आम्हाला ती इतकी वर्षं दिसली नव्हती. घरी करायचं तर कागदाचा कपटा रबरात धरून दार लावावं. तो सहज निसटला तर तिथून वारा येतो असं समजावं.

गोव्यात हल्ली पर्यटक कापडी टपाच्या थार भाड्याने घेतात आणि स्टिरिओ इतका मोठा लावतात की हूड वाजतो की गातो, कळू नये. पावसाळ्यात पाणी मांडीवर पडलं की मग मालकाशी भांडण. तेही चिंध्याच कोंबतात, फक्त कानात.

भंवरकुआंपासून माणिकबाग फार लांब नाही. यशवंतराव होळकरांनी (दुसरे) १९३० च्या दशकात जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतलेला तो राजवाडा. आता तिथे केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. याच महाराजांची डूसेनबर्ग मोटार, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली, उघडी, दोन आसनी, आजही जगभरच्या मोटारवेड्यांना ठाऊक आहे. वारा कुणाच्या संस्थानाची भीड ठेवत नाही, तेव्हा असा कान असलेला माणूस त्यांच्या पदरीही असणारच, असं आपलं मला वाटतं.

राहता राहिली फडफड. हुडाचे पट्टे आवळून ती पुष्कळ कमी झाली, पण साठच्या पुढे थोडी येतेच. "ये कपड़े की है," म्हातारबाबा म्हणाले, "इसको रहने दो." आणखी आवळलं तर शिवण उसवेल म्हणाले. मामांनी पैसे विचारले, त्यांनी रिबिटांचे आणि दोन तासांचे सांगितले. कानाचे काही लावले नाहीत.

मामी हल्ली तक्रार करते, गाडी आल्याचं कळत नाही म्हणून.