फतेहाबाद आणि बसस्टँड

‘बसस्टँड’ हा जोडशब्द ज्या इंग्रजांच्या भाषेतून आपणांकडे आला, त्यांच्या देशात त्याचा अर्थ पुष्कळच संकुचित आहे: दोन फेऱ्यांच्या दरम्यान गाडी जेथे रिकामी उभी राहते, तेवढ्या नेमून दिलेल्या जागेला तेथे हे नाव असून, उतारू जेथे जमतात त्या वास्तूस तेथील मनुष्य ‘बस स्टेशन’ असे म्हणतो. आपल्याकडे मात्र फलाट, चौकशीची खिडकी, पाणपोई आणि उपाहारगृह यांसह सारा परिसर या शब्दाने व्यापला.

मराठवाड्यातील आमच्या धारूर गावात तर याही पुढची मजल झाली. समासाचे पूर्वपद गळाले आणि उरलेला ‘स्टँड’ गावाच्या भूगोलाचा मध्यबिंदू झाला. ‘स्टँडामागं राहतो’, ‘स्टँडवर ये’ या वाक्यांत बसचा काडीचाही संबंध नसतो. सोयरिकीची बोलणी, ऊसतोडीच्या मुकादमाशी उचलीचा हिशेब, दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटातून उतरलेल्या सीताफळांच्या पाट्या, तहसिलीत खेटे घालून दमलेल्याचा चहा, हे सारे स्टँडवर होते. किंबहुना ज्यास गावाबाहेर पाऊलही टाकावयाचे नाही, असा मनुष्यही स्टँडवर एक चक्कर मारल्यावाचून राहत नाही.

निजामाच्या रेल्वे खात्याने 1932 साली प्रवासी मोटारी सुरू केल्या, तेव्हा मराठवाड्याचा सरकारी कारभार उर्दूतून चालत असे. पुढे 1948 साली निजामी संपली आणि 1956 साली हा प्रदेश मुंबई राज्यास जोडला गेला. अव्वल तालुकदाराच्या जागी जिल्हाधिकारी आला, दफ्तराची भाषा पालटली, मोटारींवर एस.टी.ची मुद्रा उमटली आणि फलकांवर ‘बसस्थानक’ हा संस्कृत वळणाचा सुबक शब्द विराजमान झाला. लोकांनी तो वाचला, त्याचा मान राखला आणि बोलताना ‘स्टँड’ हाच शब्द कायम ठेवला.

हा हट्ट या गावास नवा नाही. आदिलशाही सरदार किश्वरखान याने सोळाव्या शतकात बांधलेला येथील दुर्ग निजामशाहीकडे गेला, मोगलांकडे गेला, आणि कागदोपत्री गावास ‘फतेहाबाद’ असे विजयसूचक नाव पडले. ते आज इतिहासाच्या पुस्तकांत सापडते, तिकिटावर सापडत नाही. उलटपक्षी, शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात यावनी शब्दांस संस्कृत पर्याय देताना दुर्गांचा एक स्वतंत्र वर्गच योजिला होता, तरीही अरबी ‘किल्ला’ मराठीतून गेला नाही आणि आम्ही आपल्या गावाचे नाव आजही अभिमानाने ‘किल्ले धारूर’ असेच सांगतो. शब्द परका असो वा स्वकीय, सरकारी हुकमाने तो दफ्तरात दाखल होतो. जिभेवर त्याची दाखल-खारीज करण्याचा अखत्यार केवळ रयतेचा आहे.

म्हणून फलक रंगविणाऱ्यांनी ‘स्थानक’ खुशाल लिहावे, तो शब्द सुंदर आहे. परंतु निबंधात ‘स्टँड’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापण्यापूर्वी, ‘किल्ला’ लिहिणाऱ्याचेही आपण कापणार आहोत काय, याचा विचार गुरुजनांनी अवश्य करावा.