वाढीव व्हेरिअंटचा खर्च कोणाच्या खात्यात?

2018 मध्ये फोक्सवॅगनला बर्लिनच्या रखडलेल्या नव्या विमानतळावर गाड्या उभ्या करायला जागा भाड्याने घ्यावी लागली. गाड्या बनून तयार होत्या, पण विकता येत नव्हत्या. 1 सप्टेंबरपासून युरोपात प्रत्येक नव्या गाडीला डब्ल्यूएलटीपी ही उत्सर्जनाची कडक चाचणी लागू होणार होती. इंजिन, गिअरबॉक्स, टायर, जादा सोयी बदलल्या की उत्सर्जनाचा आकडाही नव्याने काढायचा होता. वर्षानुवर्षं एकेक करत वाढवलेल्या व्हेरिअंटची वसुली एकदम झाली.

एरवी हा खर्च दिसतच नाही. विक्री विभाग म्हणतो, स्पर्धकाच्या गाडीला सनरूफ आहे, आपणही देऊ. कागदावर त्या भागाची किंमत येते आणि मंजुरी मिळते. पण छताचा पत्रा बदलतो, त्याची डाय नवी लागते, वायरिंग हार्नेस वेगळा होतो, पाणी गळण्यापासून धडकेपर्यंतच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. लाइनवर चुकीचा हार्नेस हाती येण्याचा धोका वाढतो. मॉडेल बंद झाल्यावरही सुटे भाग गोदामात ठेवावेच लागतात. हवी-नको अशा दहाच सोयी ठेवल्या तरी 1024 प्रकारच्या गाड्या होतात! यातलं फारसं काही सनरूफच्या नावावर पडत नाही. ते सगळ्या मॉडेलवर पसरतं आणि सर्वांत साधी गाडी घेणाऱ्यालाही भरावं लागतं. हा त्याच्यावर अन्याय आहे.

रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांनी 5000 युरोंची गाडी मागितली, तेव्हा अभियंत्यांना अशा वाढीव मागण्यांना नाही म्हणायचं बळ मिळालं. त्यातून 2004 मध्ये रुमानियात आलेल्या लोगान या गाडीचा बाहेरचा आरसा डावीकडे-उजवीकडे एकच होता. म्हणजे साचा एक, पार्ट नंबर एक, डीलरकडे खोकाही एकच. 2007 पासून महिंद्राने ती नाशिकला बनवली. इथे मात्र चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत होती आणि लोगान होती जवळपास सव्वाचार मीटरची. ही अट आराखडा पक्का झाल्यावर आली. ती पाळायला लोगानची मागची बाजू आखूड करून व्हेरिटो व्हाइब ही गाडी बाजारात येईपर्यंत 2013 उजाडलं.

नवा व्हेरिअंट मागणाऱ्या विभागाने भागाच्या किमतीशेजारी डाय, चाचण्या आणि पुढच्या दहा वर्षांच्या सुट्या भागांचा खर्च लिहून द्यावा, आणि तो त्याच विभागाच्या बजेटमधून वळता व्हावा.