ओटीवरचें वाय-फाय

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं कोंकणांत वडिलार्जित घरें आहेत, त्यांतील कित्येकांनीं अलीकडे वाडींतील एखादें रिकामें घर डागडुजी करून प्रवाशांस भाड्यानें देण्यास आरंभ केला आहे. पाणी, अंथरुण-पांघरुण व जेवण यांची व्यवस्था कशी ठेवावी हें आमच्या घरांतील बायकांस कोणी शिकवावें असें मुळींच नाहीं. परंतु पाहुणा उंबरठ्याशीं येतांच जो पहिला प्रश्न करितो, तो आतां पाण्याविषयीं नसतो. "वाय-फाय आहे ना?" हा तो प्रश्न होय. त्यास बेधडक "आहे" असें उत्तर देऊन आम्ही दोन वर्षें स्वतः कसे फसलों, व नकळत दुसऱ्यांसही कसें फसविलें, तें आज सांगावयाचें आहे.

आमचें घर दापोली तालुक्यांत समुद्रापासून जवळच आहे. मूळ घराखेरीज आवारांत चार लहान घरें आहेत: विहिरीजवळचें, पूर्वीं गोठा होता तें, वाडीच्या टोकाचें आणि पऱ्यापलीकडचें. पहिलें हांकेच्या अंतरावर आहे. टोकाचें सुमारें दीडशें मीटर दूर. भिंती सर्व जांभ्या दगडाच्या, हातभर रुंद. आणि मधल्या जागेंत माड-पोफळींची दाटी. तालुक्याच्या गांवच्या एका दुकानदारानें आम्हांस पांच सुबक पांढऱ्या डब्या दिल्या व सांगितलें कीं, एक डबी दुसरीस, दुसरी तिसरीस, असा संदेश पोंचवीत जातील. तार नको, खोदाई नको. खोदाई नको हें ऐकून आमचे थोरले बंधु तात्या फारच संतुष्ट झाले, कारण पोफळीच्या मुळांस कुदळ लागणें त्यांस खपत नाहीं.

उन्हाळ्यांत त्या डब्यांनीं बरें काम केलें. मृगाचा पाऊस लागतांच मात्र सर्व मंदावलें. कारण साधें आहे, पण आम्हांस तें फार उशिरां उमगलें. वाय-फायच्या लहरी पाण्यांत शोषल्या जातात, व ओलें पान म्हणजे पाण्याचा पडदाच. त्यांतही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान पण नाजूक, २.४ च्या जरा चिवट, परंतु जांभ्याच्या दोन भिंती ओलांडतां ओलांडतां त्यांचाही दम तुटतो. शिवाय एकच डबी जेव्हां त्याच लहरींवर एका बाजूनें ऐकते व दुसऱ्या बाजूस सांगते, तेव्हां प्रत्येक टप्प्यास वेग जवळजवळ निम्मा होतो. टोकाच्या घरापर्यंत तीन टप्पे. तेथें काय उरत असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

त्याच पावसाळ्यांत टोकाच्या घरीं एक तरुण मुलगी आईवडिलांसह उतरली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां पडद्यावरून तिची नोकरीसाठीं मुलाखत होती. तिनें आधीं फोन करून विचारिलें होतें, व उत्तर मीच दिलें होतें. सव्वाअकरास ती मुलगी भर पावसांत मोबाइल पदराखालीं धरून विहिरीच्या कट्ट्यापाशीं धांवत आली आणि आमच्या वहिनींस म्हणाली, "काकू, इथें रेंज कुठें येते हो?" वहिनींनीं तिला माजघरांत नेऊन मूळ राऊटरपाशीं बसविलें, पण तोंवर पलीकडच्या मंडळींनीं मुलाखत संपविली होती. तिनें आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. भाडें परत देऊं केलें, तें तिच्या वडिलांनीं घेतलें नाहीं. नुकसान भरून येण्यासारखें नव्हतें, हें त्यांस व आम्हांस सारखेंच कळत होतें.

आमचा पुतण्या पुण्यास याच धंद्यांत आहे. माघी गणपतीस तो घरीं आला तेव्हां त्याला सर्व दाखविलें. तो हंसून म्हणाला, "तात्या, बिनतारी हें नांवच फसवें आहे. जितकी तार जमिनींत, तितकें बिनतारी सुखाचें."

"म्हणजे माझी वाडी खणणार तूं!" तात्या म्हणाले.

"पाटाच्या कडेकडेनें खणूं. तुम्ही पुढें उभे राहा आणि जिथें नको म्हणाल तिथें वळूं."

तसेंच झालें. तार झाडांवरून न्यावी ही सूचना मी केली होती. ती तात्यांनींच मोडून काढली. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें, तेव्हां आमच्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या, आणि त्यांवरून नेलेली केबलही त्यांच्यासवें गेली. तांब्याची तार जमिनींतून न्यावी, तर तिची मर्यादा १०० मीटरांची. आणि दुसरें भय विजेचें. विहिरीजवळच्या घरास पूर्वीं अशी तार नेली होती. जवळच्या माडावर वीज पडली. तारेस कांहीं झालें नाहीं, परंतु दोन्ही टोकांचीं यंत्रें जळून गेलीं. म्हणून घराघरांमध्यें तार घालावयाची ती कांचेच्या तंतूचीच, म्हणजे फायबरची, व तीही धातूचें कवच नसलेली. कांचेंतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं. ती पाण्याच्या काळ्या नळांत घालून दोन फूट खोल पुरली. नळांत एक जादा तंतु व एक रिकामी नायलॉनची दोरी सोडून ठेविली आहे, म्हणजे पुढें कांहीं ओढावयाचें झाल्यास पुन्हां खणावें लागणार नाहीं. नळ कोठून कसा गेला याचा नकाशा वहिनींनीं काढून गड्यास समजावून दिला. हा नकाशा काढावयास कोणीही विसरूं नये. पहार मारणारा मनुष्य दरवर्षीं निराळा असतो.

प्रत्येक घरीं आतां एक स्वतंत्र प्रक्षेपक आढ्याखालीं बसविला आहे व त्याच्या जोडीस लहान बॅटरी आहे, कारण पावसाळ्यांत वीज जाणें हा आमच्याकडील नित्यक्रम. सर्व घरीं जाळ्याचें नांव एकच, म्हणजे पाहुणा समुद्रावरून येऊन ओटीवर बसला तरी पुन्हां जोडण्याची खटपट नको. प्रत्येकास वेगाची मर्यादाही घातली आहे. एका चांगल्या चित्रपटास सेकंदास सुमारें ५ मेगाबिट पुरतात. वीस पाहुणे एकदम पाहूं लागले तरी १०० च्या जोडणींत कसेंबसें भागतें. मर्यादा नसेल तर एकच मुलगा सर्वांच्या तोंडचें पाणी पळवितो.

पण तारेहून महत्त्वाची गोष्ट आमच्या आजीमुळें कळली. एके सायंकाळीं ती टीव्हीवर कीर्तन ऐकत होती. बुवा पूर्वरंग आटोपून आख्यानास लागणार, तोंच पडद्यावर धांगडधिंगा सुरू झाला! गोठ्याच्या घरांतील एका मुलानें आपल्या मोबाइलवरचें गाणें आपल्याच टीव्हीवर लावावें म्हणून कळ दाबली, ती आमच्या टीव्हीस लागली. सर्व हंसले. पुतण्या मात्र हंसला नाहीं. ज्या जाळ्यांतून टीव्ही सांपडतो, त्याच जाळ्यांतून अंगणांतला कॅमेरा, छापयंत्र आणि वाडीचा हिशेब ठेविलेला संगणकही सांपडतो, असें त्यानें दाखवून दिलें.

जुन्या घरांची मांडणी आपण विसरलों काय? आलागेला ओटीवर बसे. माजघरांत घरचीं माणसें. कोठीची किल्ली तर आजीच्या कमरेला. आमच्या घरांत मात्र मोबाइल घेऊन आलेला प्रत्येक जण थेट कोठींत जाऊन बसला होता. आतां त्याच तारांवर तीन निराळीं आभासी जाळीं केलीं आहेत: पाहुण्यांचें, घरचें, व कॅमेऱ्यांचें. पाहुण्यांच्या जाळ्यांत एक मोबाइल दुसऱ्यास पाहूं शकत नाहीं, म्हणजे शेजारच्या घरांतील पाहुणाही सुरक्षित.

जोडणी ज्याच्या नांवावर, त्याच्याकडेच पोलीस प्रथम येतात, हेंही ध्यानांत ठेवावें. जुलै २००८ मध्यें अहमदाबादच्या स्फोटांचें धमकीपत्र नवी मुंबईंतील एका परक्या गृहस्थाच्या उघड्या वाय-फायवरून धाडलें गेलें होतें. त्यानंतर २००९ मध्यें दूरसंचार खात्यानें वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयीं सूचना काढल्या. म्हणून आमच्याकडे पाहुण्यानें आपला मोबाइल क्रमांक घालून त्यावर आलेला आंकडा दिल्यावरच दार उघडतें. तात्यांस हें प्रथम अनादरासारखें वाटलें. नंतर जोडणी त्यांच्याच नांवावर असल्याचें त्यांस आठवलें.

पऱ्यापलीकडे खोदाई होऊं शकली नाहीं. तेथें दोन खांबांवर समोरासमोर तोंड केलेल्या बशा लावून ५ गिगाहर्ट्झवर जोडणी दिली आहे. या लहरी घराबाहेर वापरण्यास २०१८ पासून परवान्याची गरज नाहीं. अट एकच, मधें पानही आड येतां कामा नये. आमच्या एका माडाची झांवळी दर दोन-तीन महिन्यांनीं त्या रेषेंत उतरते, आणि श्रावणांत माडावर चढणारा मनुष्य वेळेवर मिळेलच असें नाहीं. त्यामुळें त्या घराविषयीं कोणी फोनवर विचारिलें, तर पावसाळ्यांत मुलाखतीसारखें काम असल्यास विहिरीजवळचें घर घ्या, असें वहिनी आधींच सांगतात. फोन आतां त्याच घेतात.