घटाचा दुसरा आकडा

आधी एक छोटा हिशेब करू. विजेरीत घालतो तो बोटाएवढा अल्कलाइन घट १.५ व्होल्टचा असतो. असे ८ घट एकापुढे एक जोडले की १२ व्होल्ट होतात. मोटारीच्या बॅटरीवरही १२ व्होल्टच लिहिलेले असतात. मग या ८ घटांवर मोटार का सुरू होऊ नये?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक जण सांगतात, "घटांत तेवढी वीज नसते." हे उत्तर तपासून पाहा. इंजिनाला पहिला धक्का देणारा स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह घेतो असे धरा, पण तो घेतो फार तर ३ सेकंद. म्हणजे विद्युत्भार झाला ६०० कूलोम, किंवा घटांच्या भाषेत सुमारे १६७ मिलिअँपिअर-तास. आणि बोटाएवढ्या अल्कलाइन घटातून, सावकाश वापरला तर, २००० मिलिअँपिअर-तासांहून अधिक भार मिळतो. याचा अर्थ, मोटार एकदा नव्हे, दहा-बारा वेळा सुरू करण्याइतका साठा त्या आठ घटांत आहे! तरीही स्टार्टर हूं की चूं करत नाही.

उणीव साठ्याची नाही, तो बाहेर काढण्याच्या वेगाची आहे. नव्या घटाचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला तर ८ घटांचा १.६ ओहम झाला. आता दोन टोके सरळ जाड तारेने जोडून टाकली, तरी १२ भागिले १.६ म्हणजे साडेसात अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह त्यांतून निघणे शक्य नाही. मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीचा अंतर्गत रोध असतो ओहमचे अवघे काही सहस्रांश. सारा फरक तिथे आहे.

'डिस्चार्ज' या क्रियेला पुस्तकांत कुठे 'विसर्जन' म्हणतात, कुठे 'विप्रभारण'. पहिल्या शब्दाने अनंत चतुर्दशी आठवते आणि दुसरा जिभेवर बसत नाही. मी येथे शेतकऱ्याचा 'उपसा' हा शब्द वापरणार आहे, कारण विहिरीचे आणि घटाचे वागणे फार सारखे आहे. विहिरीवर लहान पंप लावला तर तो दिवसभर चालतो. मोठा लावला तर पाणी भराभर खाली जाते, झऱ्यांना ती ओढ झेपत नाही आणि पंप कोरडा पडतो. तासाभराने डोकावून पाहावे तर विहिरीत पुन्हा पाणी! उतरलेली विजेरी थोडा वेळ बंद ठेवून लावली की क्षणभर लख्ख पेटते, ती याच कारणाने. घटातील आयन द्रावातून वाट काढत अग्रापर्यंत पोहोचतात. त्यांना घाई केलेली चालत नाही.

शिसे-आम्ल बॅटरीत हा परिणाम किती मोठा असतो याचा नियम पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १०० अँपिअर-तासांची आहे असे म्हणतात तेव्हा ती २० तासांत, म्हणजे ५ अँपिअरने, रिकामी करायची असे गृहीत असते. तिच्यातून ५० अँपिअर उपसले तर ती २ तास पुरायला हवी. प्रत्यक्षात सव्वा तासाच्या आसपास पुरते. बाकीचा साठा नाहीसा होत नाही, तो आतच अडकून पडतो. निकेल आणि लिथियम घटांत हा तोटा बराच कमी असतो, पण अंतर्गत रोधातून त्यांचीही सुटका नाही.

आता आजच्या घटांकडे वळू. लिथियम-आयन घट सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणले. त्यांतला एक आकार जगभर चालतो, १८६५० या नावाचा: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. या आकाराचे दोन घट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तर वरचे प्लास्टिकचे आवरण सोडून त्यांत काही फरक दिसायचा नाही. व्होल्ट तेच, ३.६. वजनही जवळपास तेच. पण एक आहे ३५०० मिलिअँपिअर-तासांचा आणि त्यातून सतत ८ ते १० अँपिअरच घ्यावेत असे निर्माता सांगतो. दुसरा २५०० चा, परंतु तो २० अँपिअर देतो. दुकानात उभे राहून तुम्ही कोणता घ्याल? बहुतेक जण ३५०० चा घेतील, कारण ठळक छापलेला आकडा तेवढाच असतो. दुसरा आकडा निर्मात्याच्या माहितीपत्रकात असतो आणि ते पत्रक दुकानदाराने बहुधा पाहिलेले नसते.

हे दोन घट वेगळे का, तर त्यांची आतली मांडणी वेगळी म्हणून. दोन्हींत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप असतो, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूंच्या ऑक्साइडाचा. मध्ये केसाहून पातळ असा सच्छिद्र पडदा ठेवून या पट्ट्यांची गुंडाळी करतात, सुरळीच्या वडीसारखी, आणि ती डब्यात बसवतात. साठ्याच्या घटात लेप जाड आणि घट्ट दाबलेला असतो. जलद उपशाच्या घटात लेप पातळ, छिद्रे अधिक, पत्रा लांब, आणि प्रवाह बाहेर नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या रुंद किंवा एकाहून जास्त.

एखादे नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. भिंतीपासून भिंतीपर्यंत खुर्च्या ठासून भरल्या आणि एकच दार ठेवले, तर प्रेक्षक पुष्कळ बसतील. पण खेळ संपल्यावर बाहेर पडायला अर्धा तास लागेल. मधून रुंद वाटा सोडल्या, चार दारे काढली, तर पाच मिनिटांत सभागृह मोकळे होईल. मात्र त्या वाटांच्या जागी ज्या खुर्च्या बसल्या असत्या त्या गेल्या. ३५०० चे २५०० होतात ते असे. येथे कुणी कुणाला फसवलेले नाही. एका डब्यात दोन्ही गोष्टी पुरेपूर मिळत नाहीत एवढेच. (दारांच्या बाबतीत अलीकडे सुधारणा झाली आहे. टेस्ला कंपनीने २०२० मध्ये ४६ मिलिमीटर व्यासाचा जो घट जाहीर केला त्यात एकुलत्या पट्टीऐवजी पत्र्याची सबंध कडाच जोडणीला वापरली आहे. म्हणजे संपूर्ण भिंतच दार!)

चुकीचा घट वापरला तर काय होते, हेही आकड्यांनीच पाहू. सुताराच्या हातातील १८ व्होल्टच्या ड्रिलमध्ये असे ५ घट एकापुढे एक असतात. ड्रिल जोर लावताना २० अँपिअर घेते असे समजा. साठ्याच्या घटाचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरला तर प्रत्येक घटाचे १ व्होल्ट आतच खर्च होते. ३.६ चे उरले २.६. ड्रिलमधील रक्षक मंडल थोड्याच वेळात घट रिकामा समजून उपसा बंद करील, वास्तविक त्यात बराच साठा शिल्लक असेल. उष्णता किती? प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: ४०० गुणिले ०.०५, म्हणजे २० वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते हे लक्षात घ्या. जवळजवळ तेवढी उष्णता अंगठ्याहून थोड्या मोठ्या घटाच्या पोटात निर्माण होते. घटाचे वस्तुमान ४७ ग्रॅमच्या आसपास आणि विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे पावपट. गणित करा: उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर एका मिनिटात तापमान २५ अंशांनी वाढते. बहुतेक निर्माते ६० अंशांच्या आसपास थांबायला सांगतात. मे महिन्यात नागपूरला सुरुवातच ४० अंशांवर होते. जलद उपशाच्या घटाचा रोध ०.०२ ओहम धरला तर तेच काम ८ वॅटमध्ये भागते.

लिथियम घट मर्यादेपलीकडे तापत गेला तर आतील पडदा वितळतो, दोन्ही अग्रे आतल्या आत जोडली जातात, आणि मग बाहेरचा प्रवाह तोडूनही काही उपयोग होत नाही. द्राव ज्वालाग्राही असतो. अशी आग विझवणे फार कठीण.

हे सारे मी शालेय मासिकात का लिहितो आहे? विज्ञान प्रदर्शनांतील यंत्रमानव आणि ड्रोन पाहा. हुशार मुले जुन्या लॅपटॉपचे घट काढून त्यांना जोडतात. टाकाऊतून टिकाऊ म्हणून परीक्षकही खूष. पण लॅपटॉपला लागतो तास-दोन तास चालणारा मंद उपसा. त्याचे घट साठ्याचेच निवडलेले असतात. ड्रोनचे पंखे काही मिनिटांत सारा साठा मागतात. त्यातून वापरून जुना झालेल्या घटाचा अंतर्गत रोध आणखी वाढलेला असतो. अशा प्रतिकृतीला बक्षीस देण्यापूर्वी परीक्षकांनी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तुझी मोटर किती अँपिअर घेते आणि तुझा घट किती देऊ शकतो? उत्तर आले नाही तर प्रतिकृती चालू करून दाखवू देऊ नये. हे मत कठोर वाटेल, पण प्रदर्शनाचा मांडव कापडाचा असतो.

माझे दुसरे म्हणणे निर्मात्यांविषयी आणि मानके ठरवणाऱ्यांविषयी आहे. पुन्हा भारित करता येणाऱ्या प्रत्येक सुट्या घटावर साठ्याच्या जोडीला सतत घेता येणारा कमाल प्रवाह, तेवढ्याच ठळक अक्षरांत, छापणे सक्तीचे असावे. कुणी म्हणेल, सामान्य माणसाला इतके काय करायचे आहे? त्याला व्होल्ट तरी कुठे कळत होते? छापले गेले म्हणून कळू लागले. शिवाय ही मागणी नवी नाही. मोटारीच्या बॅटरीवर 'कोल्ड क्रँकिंग अँपिअर' हा आकडा देतात: शून्याखाली १८ अंश तापमानाला, ३० सेकंदांपर्यंत, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता बॅटरी किती प्रवाह देईल, ते तो सांगतो. निकेल-कॅडमियम घटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात तर मंद, मध्यम, जलद आणि अतिजलद उपशासाठी एल, एम, एच, एक्स अशी अक्षरेच ठरवलेली आहेत. जुन्या घटांना जे साधले ते अधिक धोक्याच्या नव्या घटांना का साधू नये?

ड्रोनच्या घटमालांवर 'सी' हा आकडा असतो, हे खरे. घट एका तासात रिकामा करील तो प्रवाह १ सी. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या घटातून २० अँपिअर घेणे म्हणजे ८ सी. कल्पना उत्तम आहे. पण त्यांतले पुष्कळसे आकडे फुगवलेले असतात, आणि तपासणारा कुणी नसला की छापील आकड्याला अर्थ उरत नाही. १८६५० आकाराच्या घटावर ९९०० मिलिअँपिअर-तास असेही छापलेले आढळते. आज या आकाराच्या उत्तमातल्या उत्तम घटात ४००० च्या आसपासच भार मावतो. ९९०० ही शुद्ध थाप आहे.

मात्र एवढे वाचून जलद उपशाचा घट सर्वत्र चांगला असे समजू नका. 'जास्त ताकदीचा' हे जाहिरातीतले विशेषण मला मुळीच आवडत नाही. रात्रभर मंद जळणाऱ्या दिव्याला तो घट घातला तर दिवा लवकर विझेल, कारण साठाच कमी. मोटारीची पातळ पत्र्यांची बॅटरी इन्व्हर्टरला जोडून रोज तळापर्यंत उपसली तर ती लवकरच निकामी होते. त्या कामाला जाड पत्र्यांचीच बॅटरी हवी.

शिक्षकांना एक सूचना. बारावीला पोटेन्शिओमीटरवर आपण लेक्लांशे घटाचा अंतर्गत रोध काढतो, मुले तो वहीत उतरवतात आणि विसरतात, कारण तो घट त्यांनी घरात कधी पाहिलेला नसतो. त्याच तासाला दोन बोटाएवढे घट आणा, एक अल्कलाइन आणि एक निकेल-मेटल हायड्राइड. १ ओहमचा, ५ वॅटचा रोध आणि एक मल्टिमीटर पुरे. आधी मोकळ्या घटाचे व्होल्ट मोजा, मग रोध जोडून घटाच्या टोकांवरच पुन्हा मोजा. दोहोंतील फरकाला दुसऱ्या वाचनाने भागले की अंतर्गत रोध थेट ओहममध्ये मिळतो. समजा अल्कलाइन घट १.५५ वरून १.२५ वर आला, तर रोध ०.२४ ओहम. दुसरा १.३० वरून १.२६ वर आला, तर ०.०३. पहिला मोकळा असताना वरचढ, काम पडताच दोघे एकाच पायरीवर. आणि रोध अर्धा केला तर निकेलवाला पुढे निघून जातो. कॅमेऱ्याचा फ्लॅश याच घटांवर लवकर का भरतो ते मुले मग स्वतःच सांगतील. लिथियम घट या प्रयोगात मुळीच घेऊ नये. आणि रोध ५ सेकंदांपेक्षा अधिक जोडून ठेवू नये. तो हाताला चटका बसण्याइतका तापतो.