विद्येचें उड्डाण

गेल्या पंधरवड्यांत आमच्या धाकट्या नातवाच्या महाविद्यालयाकडून एक रंगीत पत्रक घरीं आलें. 'बारा दिवसांचा युरोपीय अभ्यासदौरा' असा त्याचा मथळा. चार देश, सहा शहरें, तीन विद्यापीठांना भेटी आणि शेवटीं प्रमाणपत्र. खर्चाचा आंकडा वाचून आमच्या चिरंजीवांनीं तें पत्रक मुकाट्यानें आमच्यापुढें सरकविलें. त्याचा अर्थ न कळण्याइतके आम्ही अजून म्हातारे झालों नाहीं. पण पैशाचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवूं. पत्रक वाचतांना आमच्या मनांत दुसराच एक हिशेब उभा राहिला, व तो आम्हांस गेल्या हिवाळ्यांत आमच्या नातीनें शिकविलेला होता. गुरूनें शिष्याकडून शिकावें यांत लाज नाहीं; तथापि जन्मभर दुसऱ्यांचीं उत्तरें तपासल्यावर आपलेंच उत्तर चुकलेलें निघालें म्हणजे थोडें बोंचतें, हें कबूल केलें पाहिजे.

ही नात, आमच्या कन्येची मुलगी, गेल्या वर्षीं ऑक्टोबरांत जर्मनींतील गटिंगेन येथें एका सत्रासाठीं गेली. संस्कृत व्याकरणाशीं ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे त्यांस हें गांव अगदींच परकें नाहीं. पतंजलीचें महाभाष्य ज्यांनीं शुद्ध करून छापलें ते कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्यास डेक्कन कॉलेजांत होते, आणि पुढें १९०८ सालीं मृत्यु येईपर्यंत ते याच गटिंगेनास अध्यापक होते. नात निघाली त्या दिवशीं आमच्या थोरल्या बंधूंनीं तिला ही हकीकत सांगून, "कीलहॉर्नसाहेब राहात ते घर पाहून ये," असें बजावलें. तिला अक्षरओळख यांनींच करून दिलेली. ती त्यांना मोठे आजोबा म्हणे.

नाताळांत तिला सुमारें दोन आठवडे सुट्टी होती, व त्या सुट्टींत ती घरीं येणार हें आम्हीं सर्वांनीं गृहीतच धरलें होतें. सौभाग्यवतींनीं तर डिंकाच्या लाडवांचें सामान काढून ठेवलें होतें. तिकीट काढण्याची वेळ आली तेव्हां तिनें दूरध्वनीवरून सांगितलें, "आजोबा, मी पांच महिन्यांसाठीं आलें आहे. मध्येंच दहा दिवस घरीं यायचें म्हणजे जाण्यायेण्याचा सगळा धूर दुप्पट होतो. मार्चांत मी येतेंच आहे. रागावूं नका." आम्ही रागावलों. धूर कसला, तुझ्या एकटीच्या न येण्यानें विमान रिकामें का उभें राहणार आहे, असें आम्ही बोलून गेलों. तिनें उलट उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र एक हिशेब लिहून पाठविला.

तो हिशेब असा. मुंबईहून फ्रँकफुर्ट सुमारें साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन येऊन तेरा हजार. विमानाच्या साध्या वर्गांत बसणाऱ्या एका माणसाच्या वाट्यास या प्रवासांत कार्बन डायऑक्साइड वायु एक टनाच्या आसपास किंवा किंचित् अधिकच येतो. भारतांतील सरासरी माणसाचा स्वयंपाक, वीज, प्रवास, कारखाने असा सगळा मिळून वर्षाचा वाटा सुमारें दोन टन आहे. म्हणजे एका सुट्टीच्या हौसेपायीं एका माणसाच्या निम्म्या वर्षाचा धूर. विमानामागें उंचावर वाफेचे पट्टे उमटतात व ते पृथ्वीची उष्णता कोंडून धरतात, तो भाग यांत धरलेलाच नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें परदेशीं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या या जाण्यायेण्याचा वायु १९९९ सालीं ७० लाख ते १ कोटी ९० लाख टन होता. २०१४ सालीं तो १ कोटी ४० लाख ते ३ कोटी ९० लाख टनांवर गेला. एवढें ऐसपैस उत्तर आमच्या वर्गांत कोणीं दिलें असतें तर आम्हीं निम्मे गुण कापले असते. परंतु दोन्ही टोकें दुपटीनें वाढलीं, एवढें त्यांतूनहि स्पष्ट दिसतें.

आपल्याकडील पहिल्या पिढीचें परदेशगमन आठवून पाहावें. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या त्या जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरल्या, आणि १८८६ सालीं डॉक्टर होईपर्यंत एकदांहि मागें फिरल्या नाहींत. त्या काळच्या आगबोटी दगडी कोळशाचा काळाकुट्ट धूर ओकीत, तेव्हां त्या पिढीला या बाबतींत पुण्यवान् ठरविण्याचें कारण नाहीं. त्यांना दोनदां जाणें परवडण्यासारखेंच नव्हतें, म्हणून ते एकदां जात. आणि एकदां गेले म्हणजे राहात. राहणें आणि जाऊन येणें यांतला भेद आज लोपला आहे. आठवड्याची सुट्टी मिळाली कीं घर, आणि लांब शनिवार-रविवार आला कीं लिस्बन, असें पुष्कळ मुलांचें चालतें, व त्यालाच जगाचा अनुभव म्हणतात.

कोणी म्हणेल, मग जावेंच कशाला? घरबसल्या यंत्राच्या पडद्यावर व्याख्यान ऐकतां येतें. मॅक्समुल्लरनीं सायणभाष्यासह ऋग्वेद छापला, १८४९ पासून १८७४ पर्यंत त्यांत आयुष्य वेंचलें, आणि हिंदुस्थानाचें तोंड कधीं पाहिलें नाहीं! हें खरें, पण आम्हांला कीलहॉर्न अधिक जवळचे वाटतात. पुण्याच्या शास्त्र्यांपाशीं बसून, त्यांच्या तोंडून परिभाषा ऐकून जें व्याकरण त्यांना कळलें तें त्यांच्या प्रत्येक टिपेंत दिसतें. पंधरा वर्षें ते येथें राहिले. अशा वास्तव्यासाठीं जो धूर झाला असेल तो कोणीं मोजूं नये. मोजावा तो बारा दिवसांत सहा शहरें पाहणाऱ्यांचा. बारा दिवस आणि बारा महिने, विमानाचा खर्च तोच. विद्येनें त्याला भागून पाहावें म्हणजे कोणतें महाग तें तिसरींतल्या मुलालाहि समजेल. अमेरिकेंतून परदेशीं शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं निम्म्याहून अधिक असे आठ आठवडे किंवा त्याहूनहि थोड्या मुदतीचे प्रवासी असतात, हें कळल्यावर तर आमचा या बाबतींतला संशय दृढच झाला.

युरोपांतील राष्ट्रांनीं यावर कांहीं उपाय आरंभिला आहे. तेथें १९८७ सालीं इरॅस्मस नांवाची योजना निघाली. पहिल्या वर्षीं ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी एकमेकांच्या विद्यापीठांत गेले, आणि आतां विद्यार्थी, शिक्षक व इतर मिळून ही संख्या एक कोटीच्या पुढें गेली आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हें नांव पडलें ते रॉटरडॅमचे इरॅस्मस पॅरिस, केंब्रिज, ट्यूरिन, व्हेनिस, बाझल असे घोड्यावरून हिंडले. त्यांच्या नांवानें चाललेली मुलें मात्र विमानानें उडूं लागलीं. तेव्हां २०२१ सालीं सुरू झालेल्या नव्या पर्वांत असें ठरलें कीं, जो विद्यार्थी आगगाडी, मोटारगाडी वाटून घेऊन किंवा बस अशा मार्गानें जाईल त्यास एकदांच ५० युरो जादा द्यावेत, आणि प्रवासाला अधिक लागणाऱ्या दिवसांचाहि, चार दिवसांपर्यंत, निर्वाहखर्च द्यावा. पन्नास युरो म्हणजे लांबच्या आगगाडीच्या तिकिटापुढें ओल्या सुपारीइतके; त्यानें कोणाचें मन फिरेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु दिवस मोजून देण्याची कल्पना शहाणपणाची आहे. सावकाश जाणाऱ्याचा वेळ हा वाया गेलेला वेळ नव्हे, हें सरकारी कागदावर प्रथमच कोणीं लिहिलें असेल. गंमत अशी कीं, त्याच पर्वांत पांच दिवसांपासून तीस दिवसांपर्यंतच्या आखूड भेटी, बाकीचा अभ्यास पडद्यावर, अशीहि सोय करून ठेवली आहे. एका हातानें गाडीचें तिकीट द्यावें आणि दुसऱ्या हातानें फेऱ्या वाढवाव्या, असें हें झालें. ज्याला दूरचा प्रवास बाळंतपणामुळें, आजारामुळें किंवा गरिबीमुळें अशक्य आहे त्याला ती सोय वरदान आहे, हेंहि विसरतां येत नाहीं.

आपल्या मुलांस मात्र आगगाडी उपयोगाची नाहीं; मुंबईहून गटिंगेनास गाडी जात नाहीं, आणि उतारूंच्या आगबोटीचे दिवस केव्हांच संपले. आपल्या हातीं एवढेंच राहतें कीं, जावें तर फार दिवसांसाठीं जावें, मधल्या फेऱ्या टाळाव्या, आणि तेथें पोंचल्यावर गाडीनें हिंडावें. नातीनें तें केलें. फ्रँकफुर्टास उतरल्यावर गटिंगेन गाडीनें सुमारें दोन तासांत येतें. पुढेंहि ती युरोपांत ज्या दोनचार ठिकाणीं गेली तेथें गाडीनेंच गेली, आणि एकदां हानोव्हरच्या स्टेशनावर रात्रभर कुडकुडत बसली, तेव्हां सौभाग्यवतींनीं पर्यावरणाचा मनसोक्त उद्धार केला.

येथें एका नव्या प्रायश्चित्ताविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. विमानाचें तिकीट घेतांना थोडे पैसे अधिक टाकले कीं तुमच्या नांवें कोठें तरी झाडें लावतों, असें कंपन्या सांगतात. आमच्या आजोबांच्या पिढीला समुद्र ओलांडला म्हणून पंचगव्य घ्यावें लागे. बौधायनानें समुद्रयान पातकांत घातलें आहे, आणि कलिवर्ज्यप्रकरणांत तर अशा द्विजाला प्रायश्चित्तानंतरहि व्यवहारांत घेऊं नये अशी कडक आज्ञा आहे. त्या आज्ञेनें किती हुशार मुलांची विद्या मारली तें आम्ही जाणतों, व ती मोडणाऱ्यांचे ऋणी आहों. पण एक गोष्ट त्या जुन्या लोकांस ठाऊक होती: प्रायश्चित्त आधीं ठरवून केलेलें पाप तें पाप कमी करीत नाहीं. रोप वाढून एक टन वायु शोषील तेव्हां शोषील, त्याला दशकें लागतील, आणि तोंवर तें जगेल कीं नाहीं हें पाहावयास जाणार कोण? विमानाचा धूर मात्र आजचा आज रोकडा.

आतां जें लिहावयाचें तें थोडें जड आहे. नात नाताळांत आली नाहीं. आमचे बंधु पौषांत आजारी पडले. आजार लहानसा वाटला म्हणून आम्हीं तिला कळविण्याची घाई केली नाहीं, आणि माघ लागल्यावर पांच दिवसांत ते गेले. शेवटल्या आठवड्यांत त्यांनीं दोनदां तिची चौकशी केली. "येणार होती ना?" असें एकदां, आणि दुसऱ्या खेपेस, "घर सांपडलें का तिला?" घर तिला सांपडलें नव्हतें; तिनें त्या गल्ल्यांचीं छायाचित्रें पाठविलीं होतीं, तीं त्यांनीं भिंगानें पाहिलीं. तिला बातमी कळल्यावर ती लगेच निघते म्हणाली. आम्हीं नको म्हटलें. आतां येऊन कोणाला भेटणार, परीक्षा दे, असें आम्हीं सांगितलें. तें धुराच्या हिशेबानें सांगितलें कीं केवळ व्यवहारानें, तें आमचें आम्हांलाहि आज सांगतां यावयाचें नाहीं. मार्चांत ती घरीं आली, आणि सरळ जाऊन त्यांच्या खोलींत बसली. एक टन वायु वांचला हें खरें. नाताळांत ती आली असती तर तिला दहा दिवस मिळाले असते हेंहि खरें. या दोन्ही गोष्टी एका तागडींत घालण्याचें माप आमच्यापाशीं नाहीं, आणि ज्यांच्यापाशीं आहे असें जे म्हणतात त्यांचा आम्हांस संशय येतो. सौभाग्यवती अजूनहि त्या सुट्टीचा विषय निघाला कीं उठून आंत जातात. नातीनें तो निर्णय चुकला असें आजवर म्हटलेलें नाहीं, व बरोबर होता असेंहि म्हटलेलें नाहीं.

तर तें पत्रक. आम्हीं महाविद्यालयास एक पत्र लिहिलें. चार देशांऐवजीं एकच देश, सहा शहरांऐवजीं एकच विद्यापीठ, आणि बारा दिवसांऐवजीं निदान एक सत्र, अशी कांहीं सोय होण्यासारखी आहे काय? तेथील वर्गांत बसून परीक्षा देतां येईल काय? ती परीक्षा येथें धरली जाईल काय? मुलांना तेथें आंतल्या प्रवासाला विमान कीं आगगाडी? उत्तर लगोलग आलें: मार्गदर्शक, न्याहारी व वातानुकूलित बस यांचा खर्च शुल्कांतच धरलेला असल्याची त्यांत खात्री दिली होती. आम्हीं पुन्हां लिहिलें आहे.

नातवानें दोन्ही पत्रें वाचलीं. दोन दिवस गप्प राहून काल रात्रीं तो म्हणाला, "आजोबा, सहा महिन्यांसाठीं जायचें तर खर्च पुष्कळ येईल." येईल खरा. त्याच्या मोठ्या आजोबांनीं त्याच्या शिक्षणाकरितां म्हणून एक रक्कम ठेवली आहे, हें त्याला ठाऊक नाहीं. आज सकाळीं आम्हीं तें पासबुक ट्रंकेंतून काढून, व्याज भरून आणण्यासाठीं टेबलावर ठेवलें आहे.