चित्राचा खालचा कोपरा

माझी नणंद चंदीगडला राहते. यंदा सुट्टीत आम्ही चौघं तिच्याकडे गेलो होतो: मी, नवरा, अकरा वर्षांचा लेक आणि सासूबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दूध आणायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "आई, इथे सगळीकडे एकच फोटो आहे. दुधाच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, कालच्या टॅक्सीतसुद्धा. हा फोटो कोणी काढला?"

फोटो म्हणजे गुरू नानकांचं चित्र. पांढरी दाढी, अर्धवट मिटलेले शांत डोळे, आशीर्वादासाठी उचललेला हात. तुम्हीही कुठेतरी नक्की पाहिलं असेल. "अरे, पाचशे वर्षांपूर्वी कॅमेरा होता का?" म्हणून मी हसले खरी, पण "मग कोणी काढलं?" या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते दिलं शेजारच्या बीजींनी. "सोभा सिंग. गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीला, 1969 साली त्यांनी हे काढलं. आमच्या प्रत्येक घरात आहे. ते गेले तेही इथेच, चंदीगडला, 1986 मध्ये. पण त्यांना भेटायचं असेल तर अंद्रेट्याला जा."

गेलेल्या माणसाला भेटायचं? लेकाला ही कल्पना फारच आवडली. बेत ठरला.

लाहोरहून आलेले

निघायच्या आधी नणंदेने आम्हाला सेक्टर 10 मधलं सरकारी संग्रहालय दाखवलं. इमारत ल कॉर्बुझिए यांनी आखलेली, 1968 साली उघडलेली. पण आतला खजिना मात्र फाळणीच्या वाटणीतून आलेला. देशाबरोबर लाहोरच्या संग्रहालयाचीही वाटणी झाली. 1948 मध्ये ठरलं, की 60 टक्के वस्तू तिकडे राहतील आणि 40 टक्के इकडे येतील. गांधार शैलीतले बुद्ध आणि पहाडी लघुचित्रं अशी भारतात आली आणि काही वर्षं या गावाहून त्या गावाला फिरत शेवटी चंदीगडला स्थिरावली.

सोभा सिंगांचं आयुष्यही असंच. जन्म 1901 चा, गुरदासपूर जिल्ह्यातल्या श्री हरगोबिंदपूरचा. अमृतसरच्या औद्योगिक शाळेत एक वर्षाचा कलेचा कोर्स केला, मग ते सैन्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि थेट बगदादला गेले. 1923 मध्ये नोकरी सोडून त्यांनी ब्रशवर पोट भरायचं ठरवलं. अमृतसर, दिल्ली, लाहोर असे स्टुडिओ थाटले. लाहोरच्या अनारकली बाजारात जम बसतोय तोच फाळणी झाली. मांडलेलं सगळं मागे टाकून ते कांगडा खोऱ्यातल्या अंद्रेटा नावाच्या खेड्यात आले आणि शेवटपर्यंत तिथलेच झाले.

चित्रकाराच्या घरी

चंदीगडहून अंद्रेटा साधारण 250 किलोमीटर. डोंगरातला रस्ता, त्यामुळे 6-7 तास धरा. पालमपूर जवळ आलं की समोर धौलाधारची रांग उभी राहते. आयरिश नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स या गावात मातीचं घर बांधून राहिल्या. त्यांच्यामुळे इथे कलावंतांची वस्ती झाली.

सोभा सिंग आर्ट गॅलरी हे त्यांचं घरच आहे. कुटुंबाने जपलेलं. मोठ्या संग्रहालयात शंभर चित्रकार भेटतात आणि संध्याकाळी एकही नीट आठवत नाही. इथे एकच माणूस. गुरूंच्या चेहऱ्यावरची शांतता आणि कांगड्याच्या नववधूची खाली झुकलेली नजर एकाच हाताने काढली आहे, हे हळूहळू कळायला लागतं.

'सोहनी-महिवाल'समोर लेक थांबला. सोहनी ही कुंभाराची मुलगी. रोज रात्री भाजलेल्या मडक्याच्या आधाराने चिनाब पार करून महिवालला भेटायला जायची. एके रात्री नणंदेने तिथे कच्चं मडकं ठेवलं. ते पाण्यात विरघळलं आणि सोहनी बुडाली. "नणंदेने?" म्हणत लेकाने आत्याकडे पाहिलं आणि आम्ही सगळेच हसलो.

सासूबाई मात्र मागेच राहिल्या होत्या. गुरू नानकांच्या एका चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "आपल्या दत्तालाही कुणीतरी असंच बसून रंगवलं असेल, नाही?"

माझ्या पोटात धस्स झालं. मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा हॉलमधली दत्ताची जुनी तसबीर मी रद्दीवाल्याला देऊन टाकली होती. कॅलेंडरचं चित्र फ्रेम केलेलं, काचेच्या आत डाग पडलेले. नव्या भिंतीला ते शोभत नव्हतं. त्या तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या.

"खालच्या कोपऱ्यात सही होती," त्या म्हणाल्या. "मुळगावकर. चाळीस वर्षं पुसली ना मी ती काच."

रघुवीर मुळगावकर. ज्यांचे देव कॅलेंडरवरून महाराष्ट्राच्या घराघरात पोचले. त्याच्याही आधी, 1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या भिंतीवर आल्या. आपण त्यांच्यापुढे हात जोडले, उदबत्ती लावली, पण त्यांना चेहरा देणाऱ्याचं नाव क्वचितच विचारलं. माझ्या घरात ते एका व्यक्तीला माहीत होतं आणि मी तिलाच न विचारता तसबीर काढून टाकली.

"चुकलं माझं, आई," एवढंच म्हणू शकले. त्या म्हणाल्या, "चल, तो सोहनीवाला काय म्हणतोय बघू."

तुम्ही जाल तेव्हा

चंदीगडचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. अंद्रेट्याला एक रात्र पालमपूरला राहण्याच्या हिशेबाने जा आणि गॅलरीच्या वेळा आधी विचारून घ्या. मुलं बरोबर असतील तर सगळं दाखवायचा हट्ट नको. प्रत्येकाने एकच चित्र निवडायचं, त्यासमोर पाच मिनिटं थांबायचं आणि जेवताना त्याबद्दल सांगायचं. घरातल्या मोठ्यांनाही बोलू द्या. त्यांनी पाहिलेलं आपल्यापेक्षा जास्त असतं.

आमच्या हॉलमधला खिळा अजून तसाच आहे. लेक आजीबरोबर जुन्या तसबिरींच्या दुकानांत मुळगावकरांचा दत्त शोधतोय. तुमच्या भिंतीवरही असं एखादं चित्र असेल. उतरवण्यापूर्वी त्याचा खालचा कोपरा एकदा वाचा.