विश्लेषण : महासंगणकातील ३.४ कोटी फायली बॅकअपनेच कशा पुसल्या?

जपानच्या क्योतो विद्यापीठातील महासंगणकातून डिसेंबर २०२१ मध्ये ७७ टेराबाइट संशोधन-डेटा नाहीसा झाला. सायबर हल्ला नव्हता, आगही नव्हती. डेटा सुरक्षित ठेवण्यासाठी असलेल्या बॅकअप प्रोग्राममधील ‘सुधारणा’च त्याला कारणीभूत ठरली. भारतातही सामायिक महासंगणकांची संख्या वाढते आहे. अशा वेळी त्यावरील डेटाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

नेमके काय घडले?

१४ डिसेंबरच्या सायंकाळपासून १६ डिसेंबरच्या दुपारपर्यंत, म्हणजे सुमारे ४३ तास, मोठ्या साठवण विभागातील फायली पुसल्या जात होत्या. १४ संशोधन गटांच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. त्यांपैकी ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळण्याजोगा नव्हता. यंत्रणा पुरवणाऱ्या हेवलेट पॅकार्ड जपानने आपली १०० टक्के जबाबदारी मान्य केली.

चूक कुठे झाली?

बॅकअपच्या प्रोग्राममध्ये १० दिवसांहून जुन्या नोंदी (लॉग फायली) पुसण्याची एक आज्ञा होती. प्रोग्राम वाचायला सोपा व्हावा म्हणून त्यात बदल करण्यात आले, काही नावेही बदलली. मात्र जुना प्रोग्राम चालू असतानाच त्यावर नवा चढवला गेला. अशा प्रकारचा प्रोग्राम संगणक एकदम न वाचता थोडा थोडा वाचत पुढे जातो. त्यामुळे सुरुवात जुनी आणि पुढचा भाग नवा, अशी सरमिसळ झाली. ‘कुठल्या फोल्डरमधले पुसायचे’ ही जागा रिकामीच राहिली आणि नोंदींऐवजी संशोधकांच्या १० दिवसांहून जुन्या फायली पुसल्या गेल्या.

बॅकअप असूनही डेटा का गेला?

महासंगणकात एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा, अशी सोय असते. पण ‘पुसा’ ही आज्ञा यंत्रणेच्या दृष्टीने वैधच असते आणि ती निमूटपणे पाळली जाते. शिवाय बॅकअप म्हणजे मूळ साठ्याचे नुसते प्रतिबिंब असेल, तर मूळ फाइल गेल्यावर प्रतिबिंबातूनही ती जाऊ शकते. म्हणूनच या घटनेनंतर विद्यापीठाने काही काळ जुन्या आवृत्त्याही जपणारा बॅकअप आणण्याचे जाहीर केले. त्याच वेळी, महत्त्वाच्या फायली दुसऱ्या यंत्रणेवरही ठेवा, असे संशोधकांना सांगितले.

महासंगणक केंद्रे स्वतःहून फायली पुसतात?

होय, आणि तेही जाहीर नियमानुसार. वापरकर्त्याला साधारणतः दोन जागा मिळतात. ‘होम’ ही लहान, पण तुलनेने टिकाऊ जागा. ‘स्क्रॅच’ ही मोठी व वेगवान, पण तात्पुरती. स्वयंपाकघरातील ओट्यासारखीच ती असते. तिथे चिरायचे, शिजवायचे. साठवण मात्र फडताळात. टेक्सास ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये स्क्रॅचवरील फाइल १० दिवस उघडली नाही, तर ती पुसली जाऊ शकते. ‘फ्रंटियर’ महासंगणक असलेल्या ओक रिज प्रयोगशाळेत ही मुदत ९० दिवस आहे. सहसा या जागेचा बॅकअप घेतला जात नाही. कारण व्यावहारिक आहे. वेगवान साठवण महाग असते आणि ती भरत गेली की सर्वांचेच काम मंदावते. एकाचा अडगळीतला डेटा शंभर जणांची गणिते अडवतो.

भारताशी काय संबंध?

२०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाली. पुण्यातील ‘आयसर’मध्ये ‘परम ब्रह्म’ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. पुण्यातील यंत्र ‘जीएमआरटी’ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. अशा समारंभांत चर्चा होते ती पेटाफ्लॉपची, म्हणजे वेगाची. पण यंत्र काही वर्षांत जुने होते, प्रणाली वारंवार अद्ययावत करावी लागते. प्रत्येक बदलाच्या वेळी पणाला लागतो तो डेटा. यंत्र नवे विकत घेता येते, पण दुर्बिणीने एकदा टिपलेला क्षण पुन्हा टिपता येत नाही.

मग उपाय काय?

केंद्रांच्या बाजूने तीन गोष्टी आवश्यक ठरतात. बदल आधी चाचणी यंत्रणेवर तपासणे, चालू प्रोग्रामवर नवा न चढवणे आणि बॅकअपमधून फायली खरोखर परत येतात का, हे अधूनमधून करून पाहणे. संशोधकांसाठी जुना नियम आजही उपयोगी आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. त्यासाठी जागा आणि पैसा लागतो. तो संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरला नाही, तर ही जबाबदारी शेवटी पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या खिशातील हार्ड डिस्कवर येऊन पडते.